बुवांची दाढी

“खाल्लं का त्यानं?”

भावानं तोंडावरचा मास्क दोन बोटांनी उचलून विचारलं. ताई अजून खुर्चीवर टेकलीही नव्हती.

“नाही,” ती म्हणाली.

“आजपण नाही?”

“बघतसुद्धा नाही रे खाण्याकडे. कोवळा पाला ठेवला, भोपळा किसून ठेवला. तसाच सुकून जातो. दिवसभर नुसती काच खरवडत असतो.”

“आणि दाढी?”

ताईनं पिशवीचे बंद उगीच बोटाला गुंडाळले. “काळी,” ती म्हणाली. “तव्याच्या बुडासारखी.”

भावाची छाती भात्यासारखी खालीवर होत होती. उशाजवळचं मशीन वाजायला लागलं, तशी नर्स आली आणि तिनं मास्क पुन्हा नीट बसवला. “काका, हे काढायचं नाही म्हणून कितीदा सांगू? तुमच्याआधी माझाच श्वास संपेल.”

“मला घरी सोडा,” तो मास्कच्या आतून म्हणाला. “तो मरेल.”

“कोण मरेल?”

“घरी सरडा आहे,” ताई खालच्या आवाजात म्हणाली. “पाळलेला.”

नर्सच्या ओठांवर हसू आलं होतं. ताईचा चेहरा बघून तिनं ते परत घेतलं.

डॉक्टरांनी ताईला दाराबाहेर बोलावलं. मास्कवर आता भागत नव्हतं. घशातून नळी घालून मशीनवर घ्यायला हवं होतं, आणि तेही लवकर. पण पेशंट सही देत नव्हता. “शुद्धीवर आहेत, सगळं कळतंय त्यांना. बळजबरी कशी करणार? एकच धरून बसलेत, आधी घरी जाऊन येतो, मग काय घालायचं ते घाला. बाई, ते घरी पोचणार नाहीत. तुमचा जिनासुद्धा चढणार नाहीत. समजवा त्यांना.”

ती परत आत गेली, भावाच्या पायांवरची चादर सारखी केली, आणि भेटायची वेळ संपली.

भावाचं सगळं आयुष्य क्रेनवर गेलं होतं. उंचावरच्या केबिनीत एकटं बसायचं, खालच्या माणसाच्या हातवाऱ्यांवर लोखंड उचलायचं, ठेवायचं. लग्न त्यानं केलं नाही. ताईचा नवरा गेल्यावर ती त्याच्याकडे राहायला आली. तो कामावरून निवृत्त झाला आणि एके दिवशी काचेची एक पेटी आणि तिच्यात हा प्राणी घेऊन आला. दूरच्या वाळवंटातली जात, वाळूच्या रंगाची, गळ्याखाली काट्यांची झालर. दुकानदार त्याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणत होता. भावानं त्या दाढीकडे बघून नाव ठेवलं, बुवा.

“असं म्हणू नये,” ताई म्हणाली होती.

“का? दिवसभर दिव्याखाली डोळे मिटून बसतो, कुणाशी बोलत नाही, आयतं खातो. बुवाच की.”

ती तोंडाला पदर लावून हसली होती. मग हळूहळू तिलाही तो घरातला वाटायला लागला. फक्त त्याला जिवंत किडे घालायची वेळ आली की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

ताई एका उंच कार्यालयाच्या काचा पुसायची. बाहेरच्या मोठ्या नव्हे, त्यांना दोर बांधलेली पोरं असतात, आतल्या. दारं, भिंती, साहेबांच्या खोल्या, सगळं काचेचंच. तिचा हात इतका साफ होता की तिनं पुसलेल्या दारावर लोक नाक आपटून घेत. शेवटी मुकादमानं दारांवर निळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या.

“तू साधं सांगत का नाहीस, खातो म्हणून?” दुसऱ्या दिवशी लादी पुसता पुसता बडबडीनं विचारलं. ही तिची कामावरची सोबतीण. तिला सगळे बडबडीच म्हणत. “एक शब्द तर बोलायचाय. खाल्लं. झालं. तो सही करतो, नळी घालतात, माणूस वाचतो.”

“मी खोटं बोलत नाही ना गं.”

“ते माहितेय. जन्मभर नाही बोललीस, मिळालं का बक्षीस? भावाच्या जिवापेक्षा तुझा नेम मोठा?”

ताईचा हात काचेवर थांबला. हाच प्रश्न रात्रभर तिच्या उशाशी बसून होता. रोज सकाळी देवापुढं बसायचं, खोटं बोलायचं नाही, कुणाचं वाईट चिंतायचं नाही, दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढंच तिनं आयुष्यात धरून ठेवलं होतं. बाकीचं सुटतच गेलं होतं.

“तोंड उघडलं तरी निघणार नाही,” ती म्हणाली. “आणि त्याला लगेच कळेल. लहानपणापासून माझा चेहरा वाचतो तो.”

“मग त्या सरड्याला तरी जेवायला घाल बाई. काहीही कर. नाहीतर त्याच्यापायी दोघंही जातील.”

संध्याकाळी ताईनं तेही केलं. दुकानातून रातकिड्यांचा डबा आणला. चिमट्यात एक किडा धरला, तेव्हा त्याचे पाय हवेत चालत होते. “माफ कर रे बाबा,” ती त्याला म्हणाली, आणि वरून हात घालून चिमटा बुवाच्या तोंडाशी नेला. बुवा एकदम चपटा झाला, भाकरीसारखा. तोंड वासलं, पण खायला नव्हे. दाढी फुगली, आणखी काळी झाली. मग तो वळला आणि समोरची काच खरवडू लागला. खर्र, खर्र, खर्र. मागच्या दोन पायांवर उभा राहून, घसरून, पुन्हा उभा राहून.

“अरे तो येईल,” ताई म्हणाली. “तू खाल्लंस की येईल. मी काय करू तुझ्यासाठी, सांग ना.”

तिनं काय केलं नव्हतं? भावाला दवाखान्यात नेलं त्याच दिवशी तिनं पेटी त्याच्या अंधाऱ्या खोलीतून काढून बाहेरच्या खोलीत आणली होती, देवाच्या कोनाड्यासमोर, म्हणजे बुवाला एकटं वाटू नये. तीन बाजूंना चिकटवलेले मळके तपकिरी कागद सोलून काढले होते. आतलं पोकळ लाकूड काढून धुवून ठेवलं होतं, आणि काच रोज दोन्ही वेळा पुसत होती, आतून, बाहेरून, कोरड्या फडक्यानं शेवटचा हात मारून, भाऊ येईल तेव्हा त्याला बघताक्षणी बरं वाटावं म्हणून.

त्या रात्री तिनं देवापुढं बसून नवा नेम घेतला. हा मुका जीव खाईपर्यंत मीही अन्न घेणार नाही. दुसरं काही हातात उरलं नव्हतं.

सकाळी बडबडीनं तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईकडे धाडलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सरडे, कासवं, पोपट बघणारी एकटीच. ताईनं बुवाला डब्यात, टॉवेलात गुंडाळून नेलं. नंबराची वाट बघणाऱ्यांत एक कुत्रं तिच्याकडे बघून रडत होतं, आणि तिला वाटलं, आपणही असंच रडावं.

डॉक्टरीणबाईंनी बुवाला बाजूनं, पोटाखाली तळहात सरकवून उचललं. जबडा चाचपला, पाय ओढून बघितले, पोटावरच्या गडद रेघा बघितल्या. “हाडं अजून बरी आहेत. घाबरलाय मात्र खूप. घरात काय बदललं?”

“मालक दवाखान्यात आहे त्याचा. त्याचीच आठवण काढतो हो. काच खरवडतो, बाहेर पडून शोधायला.”

“आणखी काय बदललं?”

“काही नाही. उलट स्वच्छता केली.”

“पेटीचा फोटो आहे?”

होता. भावाला दाखवायला काढलेला, आणि त्याला दाखवायचा धीर न झालेला. डॉक्टरीणबाईंनी फोन हातात घेतला, चित्र मोठं केलं, आणि त्यांचं बोट थांबलं. “हा दुसरा कोण?”

“दुसरा नाही. एकच आहे.”

“हा बघा ना. याच्या समोर, दाढी काळी करून उभा.”

ताईनं पाहिलं. काचेत बुवाच होता. लख्ख, डोळ्याच्या बुबुळासकट.

“तुम्हाला माहीत आहे तो हाच आहे ते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्याला कुठं माहीत? त्याच्या लेखी एक परका नर घरात शिरलाय आणि दिवसभर जात नाही. हा दाढी काळी करून धमकावतो, तोही धमकावतो. हा अंगावर जातो, तोही येतो. तीन बाजूंनी तीन. लपायला काही आहे?”

“लाकूड होतं. घाण झालं म्हणून काढलं.”

“अन् खायला वरून हात घालता? या जनावराला वरून येणारं सगळं घार वाटतं. दिवा कधी बदलला?”

“चांगला उजेड देतोय की.”

“उजेड देत राहतो. पण उन्हातलं जे हाडांना लागतं आणि आपल्याला दिसत नाही, ते त्या दिव्यातून आधीच संपतं. वर्षात एकदा तरी बदलावा लागतो. नवा लावा. एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला गारवा. कागद परत लावा, लाकूड ठेवा. आणि मग काही करू नका. बघू नका, बोलू नका, पुसू नका. तुम्हाला तेच जड जाईल.”

ताई मान खाली घालून बसली होती. “म्हणजे मीच,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी डब्याचं झाकण लावलं. “वाईट हेतूनं नाही केलंत,” त्या म्हणाल्या. “बघणार नाही, पुसणार नाही, शब्द देते,” म्हणत ताईनं डबा उचलला.

घरी येऊन तिनं तीन बाजूंना जाड कागद चिकटवला. समोरच्या काचेला ओल्या बोटांनी साबण फासला, मुद्दाम, ओघळ येईपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा ती काच घाण करत होती. लाकूड आत ठेवलं, नवा दिवा लावला, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. बराच वेळ खरखर ऐकू आली. मग थांबून थांबून. मग आलीच नाही. गेला की काय?

तरी ती उठली नाही. शब्द दिला होता.

सकाळी चहासुद्धा न घेता तिनं दारातूनच डोकावलं. बुवा लाकडावर पसरला होता, दिव्याखाली, एक डोळा मिटून. पाला तसाच होता. एक पानही हललं नव्हतं. पण दाढी वाळूच्या रंगाची झाली होती.

भावाचे ओठ निळसर दिसत होते. तो मास्क उचलायला गेला, ताईनं त्याचा हात धरून ठेवला. प्रश्न त्याच्या डोळ्यांत होताच.

“नाही खाल्लं,” ती म्हणाली. “पण दाढी उतरली. वाळूच्या रंगाची झालीय.”

त्यानं डोळे बारीक केले.

“माझंच चुकलं. मी कागद काढले. काच पुसपुस पुसली. तो स्वतःलाच बघून भांडत होता रे इतके दिवस.”

भावाचे खांदे हलायला लागले. ताई घाबरून नर्सला हाक मारणार, तोच तिला कळलं, तो हसतोय. हसता हसता खोकला आला, मशीन ओरडलं, नर्स आली, सगळं शांत व्हायला वेळ गेला.

“दाढी उतरली,” तो तुटक तुटक म्हणाला, “की मग खातो. दोन-तीन दिवसांत. तू खोटं नाही बोलत, हे एक बरंय.” थोडा श्वास जमवला. “तोंड का सुकलंय तुझं?”

तिनं पदरानं ओठ पुसले.

“ताई.”

“तो खाईपर्यंत मी नाही खाणार. नेम धरलाय.”

“तुझ्या उपाशी राहण्यानं,” तो म्हणाला, “त्याचं पोट भरतं?” आणि जरा वेळानं, “तू खा. मी सही करतो.”

“नेम मोडायला लावू नकोस रे.”

तो नुसता बघत राहिला. डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी येऊन उभे होते. नर्सनं आपल्या खिशातला बिस्किटांचा पुडा काढून ताईपुढे धरला. ताईनं डोळे मिटले, ओठ हलवून काहीतरी म्हटलं, आणि एक बिस्किट तोंडात घातलं. ते गिळेपर्यंत भावानं नजर काढली नाही. मग त्यानं पेनासाठी हात पुढं केला. सही वेडीवाकडी आली.

त्याला आतल्या काचेच्या खोलीत हलवलं. बाहेरच्यांनी बाहेरच थांबायचं होतं. नळी घालून झाल्यावर पडदा बाजूला झाला. मशीन त्याची छाती फुगवत होतं, सोडत होतं. एका मापात, तो स्वतः कधी घेत नव्हता असा श्वास. ताई काचेला कपाळ लावून उभी राहिली. किती वेळ ते तिला कळलं नाही.

“मावशी, सरका जरा.” मागं एक बाई बादली आणि फडकं घेऊन उभी होती. “काच घ्यायचीय.”

ताई सरकली. काचेवर तिच्या कपाळाचा तेलकट ठसा उमटला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दहा बोटं. बाईनं फडकं उचललं.

“एवढं राहू दे,” ताई म्हणाली.

बाईनं तिच्याकडे पाहिलं, मग आतल्या खाटेकडे. तेवढी जागा सोडून तिनं बाकीची काच वरपासून खालपर्यंत पुसली, बादली उचलली आणि पुढच्या खोलीकडे गेली. ताईनं पुन्हा पुढं होऊन आपलं कपाळ त्याच ठशावर टेकवलं.