जवसाची लाईन

एवढासा इंग्रजी शब्द, 'लाईन'. त्याच्यापायी आमच्या घरी पंधरा दिवस कोणाले अन्न गोड लागलं नाई.

माही पोरगी रिना आरमोरीच्या कॉलेजात इंग्रजी शिकली. हैदराबादले पुढं शिकाचं तर कोणत्याही एका शब्दावर लेख लिहून द्याचा होता. बाप लाईनमन, मग हिनं 'लाईन'च धरला. वहीत लिहितच गेली. बिजलीची लाईन, रेशनची लाईन, बल्लारपूरची रेल्वे लाईन, जंगलात आग अडवाले काढतात ते फायर लाईन, हातावरची लाईन. पोट्टे पोरींवर मारतात ते बी लिहिली, मी डोळे वटारले तरी. अन् या साऱ्याचं मूळ म्हणे जवस! जवसाच्या काडीतून सूत निघते, ते ताणून सरळ रेघ मारत, त्याच्यावरून हा शब्द आला. घ्या, अन् आम्ही जन्मभर चटणी वाटली अन् काड्या चुलीत घातल्या.

लेख पसंत पडला, हैदराबादचं पत्र आलं, अन् तिच्या बाबानं तोंड फिरवलं. नाई म्हणजे नाई. काऊन, ते सांगेनात. मले ठाऊक होतं.

खांबावर चढाच्या आधी हे सबस्टेशनले फोन करून लाईन बंद करून घेतात. खाली आले की पुन्हा फोन, "मी पत्रू बोलून राह्यलो. माणसं खाली, सामान खाली, लाईन परत." ज्यानं घेतली त्यानंच आपल्या तोंडानं परत द्याची, दुसऱ्याचा निरोप चालत नाई. एकदा कोणीतरी निरोपावरच लाईन सुरू केली, अन् यांचा जोडीदार डोमा खांबावरच गेला. तवापासून घरचं कोणी नजरेआड झालं की यांचा जीव थाऱ्यावर राहत नाई. मी बाजारात घडीभर थांबली तरी फाटकात उभे. प्रेम आहे हो, पण माणसाले वैताग येते.

शेवटी रिना त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली.

"बाबा, मी बी लाईन घेऊन जातो. अन् परत बी मीच देईन."

दुसऱ्या दिवशी हे बाजारातून नवीन बॅग घेऊन आले.

बल्लारपूरले तिले सकाळच्या गाडीत बसवलं. संगं तिची मैत्रीण निशात होती. आम्ही घरी येऊन टेकलो, तं दुपारी निशातचा फोन. पोचलो काका, रिना खोलीच्या चाबीसाठी हाफिसात गेली, तिचा फोन बंद पडला. मी हात जोडले अन् ताट वाढलं. यांनी ताट सरकवलं.

मी तापलीच. निशात का खोटं बोलते? सोन्यासारखी पोरगी, तिच्यावर भरोसा नाई?

"निरोप चालत नाई," हे म्हणाले.

भात थंडा झाला. मी बी जेवली नाई, उपाशी माणसापुढं घास उतरते का? घंट्याभरानं फोन वाजला. मीच उचलून यांच्या कानाले लावला. आवाज मले बी ऐकू आला.

"मी रिना बोलून राह्यली. माणूस पोचला, सामान पोचलं. लाईन परत."

सव्वीस वर्षं हे दुसऱ्याले सांगत आले. ऐकाची पाळी पहिल्यांदाच आली होती. तिकडं पोरगी उत्तराले थांबली होती. मी कोपर मारलं.

"मिळाली, बेटा," हे म्हणाले.

मग ताट जवळ ओढलं, अन् जवसाची चटणी मागितली.