नवरंगाला फसवणारा स्पीकर

मी स्पीकर बोलतोय. आजवर दुसऱ्यांचं बोललो, आज माझं ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. तळहातावर मावेन एवढा, पण आवाज खणखणीत. औरंगपुऱ्यातल्या एका घरात कॉलेज सोडलेल्या नातवाची गाणी वाजवायचो. आजोबांनी, म्हणजे तात्यासाहेबांनी, "हा डबा डोकं उठवतो!" म्हणत मला जप्त केलं. मोठ्यांना गोंगाट फक्त दुसऱ्याचा ऐकू येतो.

तात्यासाहेब निवृत्त आणि पक्षीवेडे. जगभरचे पक्षीवेडे आपल्या नोंदी टाकतात त्या साइटवर त्यांचंही खातं. सोबत फोटो असला की लोक वाहवा करतात. फोटोसाठी पक्षी जवळ यावा लागतो, आणि त्यासाठी मी. फोनमधून पक्ष्याची शीळ माझ्यातून सोडायची. जंगलातल्या पक्ष्याला वाटतं, आपल्या जागेत दुसरा नर घुसला. तो काम टाकून भांडायला येतो.

पावसाळ्यात कन्नडच्या घाटात गेलो. तात्यासाहेब आणि त्यांचे मित्र काकासाहेब. मला दगडावर ठेवलं आणि नवरंगाची शीळ सुरू केली. करवंदीच्या जाळीजवळून नवरंग आला. हिरवी पाठ, पोटाखाली लाल, चोचीत गांडूळ. मला बघून त्याने गांडूळ टाकलं आणि पंख फुलवून माझ्यावर धावला.

"तात्या, जीव जडलाय त्याचा तुमच्यावर!" काकासाहेब म्हणाले.

जीव? अहो, तो शिव्या देत होता! एवढी पुस्तकं वाचून हेही कळू नये?

जाळीतून पिल्लांची चिवचिव येत होती. माझी शीळ थांबेना, त्यामुळे तोही हलेना. मादी फांदीवर घाबरून बसलेली. चिवचिव बारीक होत गेली. मला माझं तोंड दाबता येत नव्हतं.

शेळ्या चारणारी दगडाबाई हे बघत होती.

"साहेब, बंद करा ते. पिल्लं उपाशी हायती."

"बाई, आम्ही पक्ष्यांचे मित्र आहोत," तात्यासाहेब म्हणाले.

"व्हय का? मग दोस्ताच्या लेकरांना जेवू द्या की!"

"एकच फोटो."

ते 'एकच' सकाळपासून चाललं होतं. दगडाबाईने मला उचललं, बटण शोधलं, सापडेना. मग सरळ ओढ्यात बुडवलं.

"अहो! इंपोर्टेड आहे तो!"

"मग पोहता येत असंल."

माझ्या घशात पाणी गेलं. गुळगुळ झालं आणि मी गप्प झालो. काय सांगू, केवढं हलकं वाटलं!

नवरंग मान तिरकी करून ऐकत राहिला. एकदा स्वतः शीळ घातली. उत्तर आलं नाही. मग गांडूळ उचलून जाळीत शिरला. आत एकदम कालवा झाला, भुकेल्या पिल्लांचा. मादीही खाली उतरली. दगडाबाई शेळ्यांमागं निघून गेली. तात्यासाहेबांना त्या गडबडीत कॅमेरा उचलायचं सुचलंच नाही.

सध्या मी तांदळाच्या डब्यात आहे. राजाबाईंनी, तात्यासाहेबांच्या बायकोने, वाळायला पुरलंय. रोज मला बाहेर काढून तात्यासाहेब बटण दाबतात. दिवा लागतो, आवाज येत नाही. मी मजेत आहे. तुम्ही जंगलात गेलात तर कान घेऊन जा, तेवढे पुरतात.

तात्यासाहेब आता नवा घेणार म्हणे. त्या भावाला माझा एक निरोप द्या: ओढा दिसला की घरंगळ.