एक तास चाळीस मिनिटं

७२०० कि.मी.

आईचं विमान दहा दहाला सुटणार, तीन चाळीसला उतरणार. दादाने फोनवर तसं सांगितलं होतं. म्हणजे साडेपाच तास.

आईच्या ऑक्सिजनच्या यंत्राला बॅटऱ्या दोन, प्रत्येकी चार तास. साडेनऊला विमानात चढताना यंत्र बॅटरीवर गेलं. उतरल्यावरही जवळजवळ दोन तास शिल्लक. तिसरी बॅटरी मी घेतलीच नाही.

२८०० कि.मी.

तीन चाळीस. चष्म्याच्या दुकानात, मागच्या टेबलावर मी एका जाड काचेची कड घासत होते. हात पुसले, दादाला फोन लावला.

"पोचली?"

"कुठली पोचतेय? माझी अजून दाढी चाललीय."

"अरे, तीन चाळीस झाले!"

"तुमच्याकडे. इथे बारा दहा."

(हे आधीच सांगायला हवं होतं. दादा तिकडे, परदेशात, गेल्याला बारा वर्षं झाली. आईचा गोंधळ नको म्हणून तो प्रत्येक वेळ आमच्या घड्याळात सांगतो. "आठला जेवलो" म्हणजे आमचे आठ. कधी चुकला नाही. या खेपेला मात्र त्याने तिकिटावरचे आकडे जसेच्या तसे वाचले.)

"चिमे, बॅटऱ्या किती दिल्यास?"

"दोन."

त्याच्याकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

२८०० कि.मी., पुन्हा, नीट

सुटलं दहा दहा.
उतरणार सात दहा.
बॅटरी संपणार साडेपाच.
साडेपाच ते सात दहा.

२३०० कि.मी.

विमान कंपनीतली बाई शांत होती. "आम्ही वैमानिकापर्यंत निरोप पोचवतो. विमानात ऑक्सिजनची नळकांडी असतात."

"किती?"

"ते मला इथून दिसत नाही, मॅडम."

"पण पुरतील ना?"

"निरोप पोचवतो."

१३०० कि.मी.

साडेपाच. मोबाइलच्या नकाशावर ठिपका समुद्रावर होता. मालक म्हणाले, "घरी जा गं." घड्याळाकडे बघत मी श्वास रोखला. पन्नास सेकंद. छाती फुटायला आली, सोडला.

एक तास चाळीस मिनिटांतले पन्नास सेकंद.

६०० कि.मी.

ठिपका.

०

सात दहा. ठिपका थांबला. सात वीस. सात एकतीसला दादाचा फोन आला. पलीकडून कुणी बोलेना. मग श्वास ऐकू आला. ओढलेला, बारीक शिट्टी वाजल्यासारखा. हा श्वास मी कुठेही ओळखेन.

"समोरच्या पडद्यावर... आठ तास बाकी लिहिलेलं," आई एकेक शब्द टाकत म्हणाली. "म्हटलं, कार्टीने माती खाल्ली. बॅटरी पुरावी म्हणून यंत्र निम्म्यावर आणलं. हलले नाही, जेवले नाही, बोलले नाही. शेजारीण समजली... मुकी आहे."

"आणि निरोप? नळकांडं?"

"आलं की. निम्म्यावर ठेवूनही बॅटरी फारशी वाचली नाही... तोवर लाल दिवा लागला होता." तिने दम घेतला. "परत येताना..."

पुढचं धापेत गेलं. दादाने फोन घेतला. "परतीचं नंतर बघू, चिमे."

परतीचं तिकीट एकवीस दिवसांनंतरचं आहे. त्याची प्रत माझ्या खणात आहे. वेळ त्यावर छापलेली असणार. मी अजून खण उघडलेला नाही.