ऑफिसची निळी वायर

मी एक जुना स्विच आहे. मित्रांनो, स्विच म्हटलं की तुम्हाला भिंतीवरचं दिव्याचं बटण आठवेल. मी तो नव्हे. मी पत्र्याची राखाडी डबी आहे. माझ्या अंगावर वायरी खोचायची भोकं आहेत आणि प्रत्येक भोकापाशी एक बारीक हिरवा दिवा. एका यंत्राचा निरोप दुसऱ्या यंत्राला पोचवायचा, हे माझं काम. अशा जोडलेल्या यंत्रांच्या जाळ्याला नेटवर्क म्हणतात.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला भट्टीसारख्या खोलीत तापवलं, मग गदागदा हलवून पाहिलं. ऑफिसात जाणाऱ्या माझ्या भावंडांना हे सोसावं लागलं नाही. ती थंड खोलीत बसणार होती. मला धुळीत, उकाड्यात, हादऱ्यात उभं राहायचं होतं.

२००६ साली मी मूर्तिजापूरबाहेरच्या एका सूतगिरणीत आलो. ते दिवस वऱ्हाडाला फार वाईट होते. आसपासच्या एकेका गावातून शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या अशा बातम्या येत की गिरणीतली माणसं अर्धा डबा तसाच झाकून ठेवत. शेतीत राम उरला नाही म्हणून बायामाणसं गिरणीच्या फाटकाशी कामासाठी उभी राहत. ज्याला काम मिळे, त्याच्या घरचे सगळे त्या कामाकडे डोळे लावून असत.

मला भिंतीवरच्या पेटीत बसवलं ते रुबीनाने. ती मूर्तिजापूरचीच मुलगी. अमरावतीला शिकून इंजिनिअर झाली आणि गिरणीतली सगळी यंत्रं सांभाळू लागली. माझ्यावर रुईचा थर बसला की ती मऊ ब्रशने तो झाडायची. माझे दिवे लुकलुकताना पाहून एकदा भगवंतरावांना, म्हणजे मॅनेजरसाहेबांना, म्हणाली होती, “हा कधी तक्रार करत नाही, साहेब.” माझं तेवढंच कौतुक झालं, पण ते मला पुष्कळ होतं.

गिरणीत रुईच्या गाठी फोडून मोकळ्या करायची एक खोली होती. रुईत कधी खडा येतो, कधी लोखंडाचा तुकडा. तो यंत्राच्या दात्यांवर आपटला की ठिणगी उडते. ठिणगी रुईसोबत पाइपातून पुढच्या, रुई साठवायच्या मोठ्या कोठीत गेली, की संपलंच. म्हणून पाइपात ठिणगी ओळखणारा एक सेन्सर होता. त्याने ‘ठिणगी’ म्हटलं की तो निरोप मी कंट्रोलरला द्यायचो. कंट्रोलर म्हणजे यंत्रांना हुकूम देणारी पेटी. तो लगेच पाइपातून रुई ओढणारा पंखा बंद करायचा आणि पेटती रुई बाजूच्या पिंपात वळवायचा. पापणी लवायच्या आत हे सगळं व्हायचं. हंगामात असं किती वेळा झालं, कोणाला कळलंसुद्धा नाही.

त्या कोठीजवळ दुर्गाबाई काम करायच्या. उडालेली रुई झाडून गोळा करणं त्यांच्याकडे होतं. येता-जाता त्या रुबीनाला हाक मारत, “पोरी, जेवली का?” रुबीना त्यांना मावशी म्हणायची.

पुढे गिरणीचं ऑफिस अमरावतीत राजापेठेला गेलं. तिथल्या कॉम्प्युटरांचं वेगळं नेटवर्क होतं आणि ते हसनैन नावाचा तरुण बघायचा. तो हुशार आणि मनाचा सरळ होता. एके दिवशी भगवंतरावांनी त्याला मूर्तिजापूरला आणलं. गिरणीत किती सूत निघतं, ते संचालकांना राजापेठेच्या पडद्यावर बघायचं होतं. त्यासाठी दोन्ही नेटवर्कं जोडायची ठरली.

हसनैनने आमचा कंट्रोलर पाहिला आणि त्याला घामच फुटला. कंट्रोलरला पासवर्डच नव्हता. त्याचा प्रोग्राम कित्येक वर्षांत बदललेला नव्हता. ऑफिसात असं चालत नाही, असं तो म्हणाला. तिथे कुलूप आधी, काम मग. कागद चुकीच्या माणसाच्या हाती पडू नये, याची तिथे मोठी काळजी. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रुबीनालाही ते पटत होतं. पण तिची काळजी दुसरीच होती. ती भगवंतरावांना म्हणाली, “साहेब, ऑफिसचं नेटवर्क बंद पडलं तर लोक चहा पिऊन येतात. माहं बंद पडलं तर मशीन थांबत नाही. ते आंधळं चालत राह्यते.”

शेवटी तिघांचं एकमत झालं. दोन्ही नेटवर्कांच्या मधे एक राखणदार पेटी बसवायची. आत कोणता निरोप येऊ द्यायचा आणि कोणता दारातूनच परत पाठवायचा, हे ती ठरवणार होती. पेटी मागवली, पण ती यायला उशीर झाला. तेवढ्यात राजापेठेला पाहुणे यायचा दिवस ठरला. भगवंतराव म्हणाले, “सध्या जोडून टाका. पेटी आली का मधात बसवू.” रुबीना नाही म्हणाली. तेव्हा त्यांनी दुसऱ्या माणसाला बोलावून वायर जोडून घेतली. राजापेठेच्या लाइनकडून येणारी ती वायर निळी होती. माझं शेवटचं भोक तिने भरलं.

पाहुणे आले, पडदा पाहून खूश होऊन गेले. वायर तशीच राहिली. पेटी काही आली नाही.

मग थंडीतली ती दुपार आली. कापसाचा ऐन हंगाम होता. हसनैनने राजापेठेत बसून एक प्रोग्राम चालू केला. नेटवर्कवर कोण कोण आहे, कोणाला धोका आहे, हे तो शोधणार होता. चांगल्या मनाने केलेलं काम होतं ते. त्याचे प्रश्न निळ्या वायरीतून माझ्याकडे आले. तू कोण? कुठला? तुझा कोणता दरवाजा उघडा आहे? ऑफिसचे कॉम्प्युटर अशा प्रश्नांना हसत उत्तरं देतात. आमच्या म्हाताऱ्या कंट्रोलरला असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. आयुष्यभर त्याने चार ठरावीक निरोप ऐकले होते. प्रश्नांचा मारा झाला आणि तो जागच्या जागी गोठला. पंखा मात्र चालूच राहिला, कारण बंद हो असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं. पडद्यावर जुनेच आकडे दिसत राहिले. सगळ्यांना वाटलं, गिरणी छान चालली आहे.

मग खडा आला आणि ठिणगी उडाली. सेन्सरने सांगितलं. मी निरोप नेला. पुन्हा नेला. पुन्हा नेला. मित्रांनो, मला निरोप नेता येतो. ऐकायला लावता येत नाही.

कोठीने पेट घेतला तेव्हा दुर्गाबाई तिच्या दाराशी वाकून रुई गोळा करत होत्या.

त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. पण दोन्ही हातांची बोटं तळव्याला चिकटून आखडली ती कायमचीच. उन्हाळ्यात त्या गिरणीत आल्या, बसल्या जागचं काही काम मिळतं का बघायला. माझ्या पेटीसमोरच त्यांची रुबीनाशी गाठ पडली.

“पोरी, मशीन काहून थांबली नाही वं?”

रुबीना म्हणाली, “तिले थांब मनणारा दुसऱ्याच बोलण्यात अडकला होता, मावशी.”

“मंग आता थांबते का?”

रुबीनाने दुर्गाबाईंच्या खांद्यावरचा घसरलेला पदर नीट केला, कारण त्यांना तो आता करता येत नव्हता.

तोवर चौकशी होऊन गेली होती. रुबीनाने आणि हसनैनने, दोघांनीही खरं काय ते सांगितलं. हसनैन तर सांगताना रडला म्हणे. पण निळ्या वायरीचं नाव निघालं की ती जोडायला कोणी सांगितलं, हेही निघालं असतं. म्हणून ठरलं की स्विच जुना झाला होता, निरोप पोचला नाही. त्या भेटीनंतर काही दिवसांनी मला काढलं आणि माझ्या जागी चकचकीत नवा स्विच बसवला. सगळ्या वायरी त्यात खोचल्या. निळीसुद्धा. दोष सापडलाच आहे, मग राखणदार कशाला, म्हणून ती मागवलेली पेटी नको असं कळवून टाकलं. रुबीना नोकरी सोडून गेली. जाताना ती भगवंतरावांशी भांडली नाही. भांडण्याइतकंही तिच्यात काही उरलं नव्हतं.

मी आता गिरणीच्या भांडारात, तुटक्या मोटारींच्या शेजारी पडलो आहे. अंगावर रुईचा थर चढला आहे. इथून पंख्याचा आवाज ऐकू येतो. काल दोन बाया इथे झाडू घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या बोलण्यातून कळलं, की दुर्गाबाईंना काम मिळालं नाही, पण गिरणीने दया म्हणून त्यांच्या मुलीला, पौर्णिमाला, घेतलं. जागा आईचीच दिली. कोठीच्या दाराशी. घरी सगळ्यांना फार आनंद झाला म्हणे.

मित्रांनो, मला पुसून परत लावा, असं मी म्हणत नाही. माझं ऐकून कोणी ती वायर काढेल, असंही मला आता वाटत नाही. पण तुमच्यापैकी कोणी पुढे शिकून अशा पेटीसमोर वायर हातात घेऊन उभा राहिला, तर खोचण्याआधी क्षणभर थांबा. कोठीच्या दाराशी कोण वाकलं आहे, तेवढं बघून या.