नकोशा वस्तूंची खिडकी

टॅक्सी स्टँडवर त्याला त्याच्या नावाने कुणीच हाक मारत नसे. सगळे त्याला 'मागेबघा' म्हणत. प्रवासी उतरायला लागला की तो मान वळवून म्हणायचा, "मागे बघा, काही राहिलं का." प्रवाशाने बघितलं तरी याचं समाधान व्हायचं नाही. स्वतः उतरून मागची सीट चाचपायची, फटीत बोटं घालून बघायचं, डिकी उघडून एकेक नग प्रवाशाच्या डोळ्यांसमोर खाली ठेवायचा, मगच तो हलायचा. छत्र्या, चष्मे, औषधाच्या पिशव्या, एकदा तर एका आजोबांची कवळी, असं काय काय त्याने लोकांच्या मागे धावत जाऊन हातात दिलं होतं. घरी पाहुणे उठले की त्यांच्या खुर्च्यांवरूनही त्याचा हात फिरायचा. "अहो, ते आपले व्याही आहेत, प्रवासी नाहीत," बायको हळूच म्हणायची.

सामानाच्या बाबतीत त्याचे नियम पक्के होते. जड खाली, नाजूक वर, ओलं वेगळं. आत काय आहे ते बघितल्याशिवाय बंद खोकं घ्यायचं नाही. आणि माणसाशिवाय नुसतं पार्सल न्यायचं असेल, तर घेणाऱ्याला ते येतंय हे ठाऊक असल्याची आधी खात्री करायची. यातला शेवटचा नियम त्याने एकदाच मोडला, तोही एका बाईंच्या आवाजाला घाबरून.

त्या बाई पूर्वी एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून ड्युटीवर होता. चौथ्या मजल्यावर राहायच्या आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. मागेबघा धापा टाकत वर पोचला, तर दारातच एक लाकडी पेटी तयार होती.

"आत काय आहे?" त्याने विचारलं.

बाईंनी कमानदार झाकण उचललं. आत हाताने फिरवायचं जुनं शिलाई मशीन होतं. काळंभोर, पुसून लख्ख केलेलं.

"आमच्या आईचं. माझ्या धाकट्या बहिणीकडे पोचवायचं. तिची लाँड्री आहे, पत्ता सांगते."

"त्यांना कळवलंय ना तुम्ही?"

"तुम्ही पोचलात की कळेलच. आणि तिला सांगायचं, हे घे तुझं मशीन आणि आता तरी तोंड बंद ठेव. शब्द असेच्या असे सांगा."

इथेच त्याने नाही म्हणायला हवं होतं. पण बाई त्याच्याकडे अशा बघत होत्या, की आता पुढे जीभ दाखवा म्हणतील असं त्याला वाटलं. त्याने मुकाट्याने पेटी उचलली.

लाँड्रीत धाकट्या बाई इस्त्री करत होत्या. थोरलीच्या उलट या गोलमटोल, हसऱ्या, बोलता बोलता शर्टाची कॉलर उलटवणाऱ्या. मागेबघाने पेटी काउंटरवर ठेवली आणि निरोप असाच्या असा सांगून टाकला. बाईंचं हसू वाफेबरोबर उडून गेलं.

"असं म्हणाली ती?"

"शब्द असेच्या असे सांगायला सांगितलं होतं."

मग त्याला सगळं रामायण ऐकावं लागलं. नात्यातल्या एका लग्नात या सहज म्हणाल्या होत्या, की आईच्या मागे मशीन ताईने नेलं, माझ्या वाट्याला सुईसुद्धा आली नाही. ऐकणारे हसले होते. त्यातल्याच कुणीतरी ते तिखटमीठ लावून ताईच्या कानावर घातलं. तेव्हापासून ताईचा अबोला.

"परत न्या ते. आणि तिला म्हणावं, मी गंमत केली होती. तिला गंमत जन्मात कळली नाही, ती आता काय कळणार."

मागेबघा पुन्हा चौथ्या मजल्यावर गेला. जिन्यात त्याने विचार केला. पहिला निरोप जसाच्या तसा दिला, त्याचं काय झालं ते त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. नाजूक वस्तू असल्यावर माणूस दोन बाजूंनी कागद कोंबतोच की.

"त्या म्हणाल्या, गंमत केली होती," तो म्हणाला.

"बस? पुढे काही नाही?"

"पुढे," मागेबघाने पेटी खाली टेकवली, "तुमची तब्येत विचारली."

मेट्रनबाईंनी दाराची कडी धरली. "गुडघे दुखतात म्हणावं," त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. मग एकदम भानावर आल्या. "पण एकदा पाठवलेली वस्तू मी परत घेत नाही. घेऊन जा." आणि दार लागलं.

लाँड्रीत तो म्हणाला, "ताईंचे गुडघे दुखतात."

"मला का सांगताय?"

"त्या म्हणाल्या, धाकटीला सांगा."

धाकट्या बाईंची इस्त्री जागच्या जागी थांबली. कापड जळल्याचा वास आल्यावर त्यांनी ती घाईघाईने उचलली. "शेकायला सांगा," त्या म्हणाल्या. "आणि मशीन इथे ठेवायचं नाही. ताईने मला ते रागाने दिलेलं चालायचं नाही. घ्यायचं तर ते प्रेमाने."

असं करता करता मशीन डिकीतच मुक्कामाला राहिलं. मागेबघाचं चित्त काही थाऱ्यावर राहिना. दुसऱ्याची वस्तू आपल्या गाडीत, ही कल्पनाच त्याला सहन व्हायची नाही. त्यात जागेची अडचण. विमानतळावर निघालेल्या एका कुटुंबाच्या बॅगा डिकीत मावेनात, तेव्हा एक बॅग त्या गृहस्थांना मांडीवर घ्यावी लागली आणि ते वाटभर तिच्याआडून बोलत राहिले. शिवाय गाडी खड्ड्यात गेली की मशीनचं चाक आपोआप फिरायचं आणि मागून टकटक टकटक ऐकू यायचं.

"गाडीत काहीतरी सैल झालंय," एक म्हातारे प्रवासी म्हणाले.

"नाही, शिवण चाललंय," मागेबघा म्हणाला. आजोबा पुढच्याच चौकात उतरले.

घरी बायकोने शेवटी त्याला समोर बसवलं. "अहो, दोन बहिणींचं भांडण तुम्ही डिकीत घालून हिंडताय. कुठेतरी उतरवा ते एकदाचं."

कुठे उतरवायचं ते त्याला ठाऊक होतं. टॅक्सीच्या ऑफिसात एका कोपऱ्यात हरवलेल्या वस्तूंची खिडकी होती. तिच्यामागे बसणारा कारकून बारा महिने सर्दीने बेजार असायचा. त्याच्या पाठीमागे छत्र्यांचं एक जंगल, हेल्मेटं, लहान मुलांचे एकेकटे बूट आणि भिंतीला टेकवलेली एक कुबडी. ती विसरून तिचा मालक चालत कसा गेला, हा प्रश्न ऑफिसात अजून सुटला नव्हता.

"कुठे सापडलं?" कारकुनाने नाक पुसत विचारलं.

"माझ्या डिकीत."

"कुणी विसरलं?"

"कुणी नाही. मीच ठेवलं."

"मालक?"

"दोन आहेत. दोघींनाही नको आहे."

कारकुनाने रुमाल खाली ठेवला. "म्हणजे हे हरवलेलं नाही. हे नकोसं झालेलं आहे. नकोशा वस्तूंची खिडकी आपल्याकडे अजून काढलेली नाही. काढली तर लोक रांगा लावतील, आणि सामान घेऊन येतील असंही नाही, माणसं घेऊन येतील."

"मग मी काय करू?"

"इथे ठेवायचं तर ठेवा. पण नियम आहे. मालकांना कळवायचं, आणि ठरल्या मुदतीत कुणी आलं नाही तर वस्तू भंगारात जाते."

मागेबघाने तिथूनच दोघींना फोन लावला. या वेळी मात्र त्याने आपल्या पदरचं काही घातलं नाही. मशीन खिडकीवर आहे, कुणी आलं नाही तर भंगारात जाईल, एवढंच सांगितलं. दोघींनीही फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडतंय तोवर मेट्रनबाई गुडघ्याला पट्टा बांधून हजर होत्या. त्या बाकावर टेकतात न टेकतात तोच धाकट्या बाई आल्या, लाँड्रीचा ॲप्रन काढायचाही विसरल्या होत्या. दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या. मागेबघा गाडी लावून आत आला आणि ते दृश्य बघून दाराशीच थबकला.

"मशीन कुणाचं?" कारकुनाने विचारलं.

"हिचं," थोरली म्हणाली.

"हिचं," धाकटी म्हणाली.

"ठीक. म्हणजे भंगारवाल्याचं."

"हात तर लावून बघा," दोघी एकदमच म्हणाल्या. मग पहिल्यांदाच एकमेकींकडे बघितलं.

कारकुनाला सर्दीतही जरा उत्साह आला. "मग खूण सांगा. मालकाशिवाय कुणाला माहीत नसेल अशी."

"चाकाची मूठ लाकडी आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "मूळची लोखंडी होती. हिने पेटी पाडली, तेव्हा ती तुटली."

"मी नाही पाडली. तू ढकललंस."

"मी ढकललं कारण तू मला चाक फिरवू देत नव्हतीस. चाक फिरवायचं काम माझं होतं. तुझं काम मागून कापड ओढायचं."

"तू एवढ्या जोरात फिरवायचीस की आईचं बोट दोनदा सुईखाली आलं, ताई."

"दोनदा नाही. एकदा. दुसऱ्यांदा ते तुझ्या ओढण्याने आलं."

कारकून एकीकडून दुसरीकडे मान फिरवत होता. खूण केव्हाच पटली होती, पण थांबवायचं त्याच्या जिवावर आलं.

"आणि आता एवढं सगळं आठवतंय," धाकट्या बाई म्हणाल्या, "तर मशीनबरोबर तसा निरोप का पाठवलास? आणि पाठवलास तर मग गुडघ्याचं गाऱ्हाणं कशाला?"

"तू तब्येत विचारलीस म्हणून सांगितलं."

"मी कधी विचारली?"

दोघींच्या माना एकदम दाराकडे वळल्या. मागेबघाने पाऊल मागे घेतलं, तर मागे दाराशी ठेवलेला छत्र्यांचा स्टँड.

"निरोप जरा जड होते," तो म्हणाला. "वाटेत थोडे हलके केले."

"तब्येतीचं तुम्ही घातलंत?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"हो. पण शेकायला सांगा, हे त्यांचं स्वतःचं. ते मी तुमच्यापर्यंत पोचवलंच नाही. तुम्ही आधीच दार लावून घेतलं होतंत."

 आता आपल्याला काय ऐकावं लागतंय या धास्तीने मागेबघा छत्र्यांकडे बघत राहिला. "कशाने शेकू?" मेट्रनबाईंनी शेवटी विचारलं, ते मात्र बहिणीला.

"वाफेने. माझ्याकडे दिवसभर असते," धाकटी म्हणाली, आणि तिला हसू आलं. थोरलीला मात्र हसू आवरायची चांगली सवय होती. तिने ते खोकल्यात दडवलं.

परतीच्या वाटेवर मशीन मागच्या सीटवर दोघींच्या मध्ये बसलं. ते कुणाच्या घरी न्यायचं, यावर पुन्हा जुंपली. एक म्हणे तुझ्याकडे, दुसरी म्हणे तुझ्याकडे. मागेबघा चौकात गाडी बाजूला घेऊन थांबला.

"तू ने. मी काय करू त्याचं? मला शिवता कुठे येतं?" धाकटी म्हणाली.

"तुला येत नाही?"

"मला फक्त ओढता येतं. तुला?"

"मी जन्मभर माणसांना टाके घातले," मेट्रनबाई म्हणाल्या. "कापडाला कधी नाही."

 मग धाकट्या बाई इतक्या हसल्या की त्यांना ॲप्रनने डोळे पुसावे लागले, आणि या वेळी थोरलीचा खोकलाही खोटा ठरला. जिना चढायला नको म्हणून मशीन लाँड्रीत उतरलं. आत नेऊन ठेवताना दोघींनी दोन बाजूंनी धरलं आणि मागेबघाला हात लावू दिला नाही.

त्यानंतर मेट्रनबाई अधूनमधून दुपारी लाँड्रीत जायला लागल्या. गुडघा वाफेने शेकून झाला की थोरली चाक फिरवायची आणि धाकटी मागून कापड ओढायची. बोट सांभाळ, हळू फिरव, किती ओढतेस, हे रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. गिऱ्हाइकांच्या पँटींना मोफत दुमड घालून देण्याचा त्यांचा बेत होता, पण पहिल्याच गृहस्थाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड निघाला. दोष पँटीत नाही, गृहस्थांच्या पायात आहे, असं मेट्रनबाईंनी त्यांना हॉस्पिटलच्या आवाजात समजावलं. ते बिचारे मान हलवून निघून गेले.

मग दोघींनी मागेबघाच्या ड्रायव्हर सीटला एक कव्हर शिवून दिलं. माप न घेता, नुसतं नजरेने. ते एका बाजूला घट्ट बसायचं आणि दुसऱ्या बाजूला खिशासारखं लोंबायचं. बायकोने ते बघितलं आणि सुईदोरा घ्यायला उठली.

"राहू दे," मागेबघा म्हणाला. "त्यात माझा रुमाल बरोबर बसतो."