सम्राटांची टायपिन

माझे वडील अलोइस प्रोखास्का व्हिएन्नाच्या राजवाड्यातले पियानो सुरात लावायचे. पंचवीस वर्षं झाली तेव्हा सम्राटांकडून त्यांना एक टायपिन मिळाली. बारीक हिऱ्यांत सम्राटांची आद्याक्षरं, वर इवलासा मुकुट. सम्राटांच्या वाढदिवसाला ते ती लावून चर्चमध्ये जायचे. घरी आले की आई ती मऊ कापडानं पुसून डबीत ठेवायची.

ते सम्राट युद्ध चालू असतानाच वारले. त्यांच्यामागून गादीवर आलेले एकोणीसशे अठराच्या नोव्हेंबरात सगळं सोडून गेले. त्या हिवाळ्यात शहरात भुसा मिसळलेला पाव मिळायचा, दूध फक्त तान्ह्या मुलांना. आईची फुप्फुसं पार खराब झाली होती. डॉक्टर म्हणाले, "औषधानं काही व्हायचं नाही. लोणी, बटाटे, काहीतरी पोटात जाऊ द्या."

"बाबा, ती टायपिन विकू या," मी म्हणाले.

"ती विकायची वस्तू नाही."

"आणि आई?"

ते उठून दुसऱ्या खोलीत गेले. आठवडाभर हेच चाललं. मग एका सकाळी ते कोट घालून माझ्यासमोर उभे राहिले.

"चल मिना, खेड्यात जाऊ. इथले सराफ हिरे उपटून सोनं वितळवतात. तिकडे निदान कुणीतरी लावेल."

आगगाडीतून उतरून आम्ही बर्फातून दोन तास चाललो. पहिल्या दोन घरांनी दारच उघडलं नाही. तिसऱ्या घरच्या शेतकरीण झाखबाईंनी टायपिन हातात घेतली आणि लगेच परत केली.

"मुकुटवालं नको बाई आता. ड्रॉवर भरलाय माझा. परवा एक सरदारीण राणीनं दिलेलं कंकण देऊन कोंबडी घेऊन गेली. बूट असले तर बोला."

बाबांची नजर आत भिंतीला लावलेल्या पियानोवर गेली होती.

"हा कुणाचा?"

"तुमच्याच गावचा. बटाट्यांवर घेतला, पोरीसाठी. पण वाजवला की कुत्रं रडतं."

सूर लावायची किल्ली बाबांच्या खिशात कायम असायची. चुलीशी बोटं शेकत, पुन्हा पियानोशी जात, दुपारभर ते काम करत राहिले. शेवटी त्यांनी वाल्ट्झ नाचाची एक छोटीशी धून वाजवली. झाखबाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी अर्धं पोतं बटाटे आणि लोण्याचा गोळा आणून ठेवला.

"पिनही ठेवून जा," त्या म्हणाल्या. "नुसत्या सूर लावण्याचे एवढे होत नाहीत."

बाबांनी ती टेबलावर ठेवली. परतताना पोत्याचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी. वाटेत ते आईसाठी बटाट्याचं सूप कसं करायचं ते मला सांगत होते. इतकं बोलताना मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

स्टेशनवर शिपाई पोती उघडून बघत होते. खेड्यातून असं खाण्याचं सामान आणायला बंदी होती, हे आम्हाला माहीत होतं. सगळेच आणायचे, म्हणून आम्हीही गेलो होतो.

"खाली ठेवा," शिपाई म्हणाला.

"माझी बायको मरायला टेकली आहे. मी राजवाड्यातला माणूस आहे, साहेब." बाबांना कुणापुढे हात जोडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"कुठला राजवाडा, आजोबा?" शिपाई हळूच म्हणाला. त्याचेही गाल आत गेलेले होते. "मी सोडलं तर मला घरी बसवतील." त्यानं बटाटे ढिगावर ओतले, लोणी काढून घेतलं आणि रिकामं पोतं घडी करून माझ्या हातात दिलं.

घरी आईनं डोळे उघडून विचारलं, "मिळालं का काही?"

"उद्या देणार आहेत," बाबा म्हणाले.

आई शुक्रवारी गेली.

त्यानंतर लोक पियानोसाठी बोलवायला यायचे. बाबा दारातूनच सांगायचे, "मला आता ऐकू येत नाही." मी दुसऱ्या खोलीतून हाक मारली तरी ते वळून बघायचे नाहीत. खरंच ऐकू येत नव्हतं, की नुसतं म्हणत होते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.