जड ते चांगलं

“हा धर. आता हा धर. सांग, कुठला चांगला?”

मास्तरांनी काँप्युटरचे दोन पॉवर सप्लाय सुनेच्या हातात आळीपाळीने दिले आणि दुकानदाराकडे बघून डोळा मिचकावला. एक काळा, आटोपशीर, हलका. दुसरा एका मोठ्या कॅबिनेटबरोबरच मिळत होता, तो चांगला विटेएवढा जड.

“जड हा आहे, बाबा,” सून म्हणाली. “पण मी वाचलं होतं की या स्वस्तातल्या सप्लायवर लिहिलेलं काही खरं नसतं.”

“वाचलंस ते ठीक. हात काय म्हणतो?”

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. जन्मभर त्यांनी जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून दिल्या, म्हणून गल्लीने दिलेली ही पदवी. त्या धंद्यात शास्त्र एकच. वस्तू हातात घ्यायची. जड लागली तर आत तांबं भरपूर, हलकी लागली तर कुणीतरी तांब्यावर हात मारलाय. या शास्त्राने त्यांना कधी दगा दिला नव्हता. आणि अशा माणसाशी वाद घालून काही पदरात पडत नाही, हे सुनेला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

तरी तिने आज थोडा धीर केला. “बाकी सगळ्यात काटकसर करू, बाबा. मेमरी कमी घेऊ, स्क्रीन जुनाच वापरू. फक्त सप्लाय हा हमीवाला घेऊ. आणि कॅबिनेट हे साधं, पुढे जाळीचं. आतली गरमी बाहेर पडते.”

मास्तरांनी जाळीवर टिचकी मारली. “ही पेटी आहे की पिठाची चाळण? घरातली सगळी धूळ आत जाऊन बसेल. आणि हे बघ, पत्रा कसा जाड आहे, सप्लायही सोबतच मिळतोय. तू नावाला पैसे मोजतेयस, बाळा.”

दुकानदाराला काय, काहीही विकलं गेलं तरी सारखंच. “काकांचा हात तयार आहे, ताई,” तो म्हणाला. झालं. त्यापुढे सुनेचं वाचन कोण विचारतो? तिने मान हलवली आणि जड पेटी रिक्षात ठेवली.

तो काँप्युटर तिच्या कामासाठी होता. लग्नानंतर नोकरी सुटली ती सुटलीच होती. आता कुठे घरबसल्या एक काम चालून आलं होतं. लोकांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करून द्यायचा. पहिलं काम परीक्षेपुरतं, सोमवारी सकाळी पाठवायचं. पसंत पडलं तर कायमचं. घरकाम आवरून ती कानाला हेडफोन लावून बसायची, आणि मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला दारातच थोपवून सांगायचे, “हळू बोला, सूनबाई कामावर आहेत.” त्यांना तिचं खरंच कौतुक होतं. तिच्या निवडीवर तेवढा भरवसा नव्हता.

रविवारी दुपारी आतल्या खोलीत फट् असा आवाज झाला. पाठोपाठ वास आला. तो वास मास्तरांना झोपेतही ओळखता आला असता. ते उठून गेले तेव्हा स्क्रीन काळा होता आणि सून हेडफोन तसाच लावून बसली होती. सप्लाय जळाला होता आणि जाताना डिस्कलाही घेऊन गेला होता. टाइप केलेलं सगळं त्या डिस्कमध्येच होतं.

“बघतो मी,” मास्तर म्हणाले आणि पेचकस घेऊन खाली बसले.

सप्लायचं झाकण उघडलं. आत बारीकसारीक माल, तोही अर्धवट. तांबं म्हणाल तर नावाला. आणि तळाशी दोन स्क्रूंनी घट्ट बसवलेली एक जाडजूड लोखंडी पट्टी. तिला ना वायर, ना जोड. तिला काही कामच नव्हतं. नुसती वजनाला घातलेली.

मास्तर त्या पट्टीकडे बघत राहिले. म्हणजे कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी बसून विचार केला होता, की हातात घेऊन पारख करणारे शहाणे असतात, त्यांच्यासाठी एवढं लोखंड घाला. जन्मभराचं शास्त्र, आणि दोन स्क्रूंत आवळून टाकलं.

“काय आहे हो आत?” सून मागे उभी होती.

मास्तरांनी पट्टीवर तळहात ठेवला. “काही नाही. जळलंय,” ते म्हणाले. पण तिने बघितलं होतं.

मुलगा संध्याकाळी घरी आला आणि जेवताना त्याला कळलं. तो चिडला. “कुणी निवडला तो डबा?”

“मीच,” सून ताटात बघत म्हणाली. “दिसायला बरा वाटला.”

“दिसायला? अगं, घरात एवढा जाणता माणूस बसलाय. बाबांना एका शब्दाने विचारायला काय तोंड दुखत होतं?”

“चुकलं माझं.”

मास्तरांच्या तोंडात घास होता. तो गिळून बोलता आलं असतं. त्यांनी गिळला आणि दुसरा घेतला. मुलगा बराच वेळ बोलत होता, सून ऐकून घेत होती, आणि मास्तर खाली मान घालून जेवत होते. जेवण त्यांना आयुष्यात कधी इतकं लाजिरवाणं वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी सुनेचा काम देणाऱ्यांशी फोन झाला. “हो, समजू शकते. नाही, चालेल,” एवढंच ती बोलली. काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं होतं. मग तिने पर्स उचलली, एकटीच दुकानात गेली आणि दुपारी परत आली ती हमीवाला सप्लाय, नवी डिस्क आणि जाळीचं कॅबिनेट घेऊन. “दुसरीकडे विचारून बघेन,” ती म्हणाली आणि जमिनीवर बसून जोडायला लागली.

मास्तर उंबऱ्यात आले. मग तिच्यासमोरच त्यांनी मुलाला फोन लावला.

“ऐक. तो सप्लाय मी घेतला. ती हमीवाला मागत होती, मी ऐकलं नाही. काल मी गप्प बसलो.”

पलीकडे मुलगा हसला. “बाबा, सुनेला पाठीशी घालायचं म्हणजे किती? तुमच्या हातून असली चूक होईल होय? बरं, मी तिला आता काही बोलत नाही. झालं समाधान?”

“अरे, खरं सांगतोय मी.”

“हो हो, कळलं. मोठ्या मनाचे आहात तुम्ही. ठेवतो, साहेब बोलावतायत.”

फोन बंद झाला तरी मास्तरांनी तो कानालाच धरला होता. सुनेने सगळं ऐकलं होतं.

“पटलं नाही ना त्यांना?” तिने विचारलं.

“नाही.”

तिने नव्या पेटीच्या बाजूचा पत्रा उचलून लावला. “हा जरा दाबून धरता का, बाबा?”

मास्तर गुडघे मोडून खाली बसले आणि दोन्ही हातांनी पत्रा धरला. ती मागून एकेक स्क्रू आवळत गेली. सगळे स्क्रू झाले, तिने पेचकस खाली ठेवला, तरी ते पत्रा धरूनच बसले होते.

“झालं, बाबा,” ती म्हणाली. “सोडा आता.”